रजिस्टरची मधली पानं

कुवेतला आल्यापासून मला नाव असं उरलेलं नाही. इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर आहे, पगाराच्या कागदावर आहे, पण तोंडाने हाक मारताना सगळ्यांची मी सिस्टर. वॉर्डात सिस्टर, खालच्या बकाल्यात, किराणा दुकानात, सिस्टर, आणि अब्बासियात समोरच्या दारी राहणाऱ्या श्रीवर्धनच्या भाभीसुद्धा मला 'गो सिस्टर' म्हणायच्या. आमचे हे तसेच सगळ्यांचे सर. इथल्या एका भारतीय शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं, आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी आमच्याच हॉलमध्ये सतरंजी घालून बिल्डिंगमधल्या पोरांना मराठी शिकवलं. सुट्टीच्या दिवशी माणूस झोपतो. आमच्या घरी त्या दिवशी चौदा पोरं बाराखडी म्हणायची.

वर्गाला फी नव्हती, फळा नव्हता, बाकं नव्हती, पण हजेरीचं रजिस्टर होतं. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं. ते इथे मिळत नाही म्हणून दर सुट्टीत कराडहून यायचं. लोक बॅगेत लोणची, चकलीची भाजणी आणतात. आमच्या बॅगेत साड्यांच्या घडीत रजिस्टर. हजर असेल त्याच्या चौकटीत तिरपी रेघ, नसेल त्याच्या चौकटीत 'गै'. मी चिडवायची, "अहो, चौदा पोरं आहेत, डोळ्यांनी मोजता येतात." ते म्हणायचे, "डोळे विसरतात. कागद विसरत नाही."

यात मला खरं तर हसायचा हक्क नव्हता. मी मिरजेला नर्सिंग शिकले. आमच्या मेट्रनबाईंनी पहिल्याच दिवशी एक वाक्य आमच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं: जे लिहिलं नाही, ते झालंच नाही. सलाईन लावलंस आणि लिहिलं नाहीस, तर लावलंच नाहीस. त्यामुळे एका शुक्रवारी वर्ग चालू असताना दुसऱ्या मजल्यावरची बाई तापाने फणफणलेलं पोर घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मी ताप बघितला, पोराचं अंग पुसून घेतलं, आणि लिहायला हाताशी काही नव्हतं म्हणून ह्यांचं रजिस्टर ओढून उलटं केलं आणि शेवटच्या पानावर लिहिलं. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण एकदा लिहिलं ते लिहिलं. तेव्हापासून त्या रजिस्टरला दोन तोंडं झाली. पुढून शाळा, मागून माझा दवाखाना.

दवाखाना हा ह्यांचा शब्द. मी डॉक्टर नव्हे, आणि औषध लिहून द्यायचं माझं काम नव्हे, म्हणून कधी दिलं नाही. ताप बघायचा, जखम धुऊन पट्टी बांधायची, आणि 'याला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्या' हे ज्या घरात पटत नाही तिथे ओरडून पटवायचं. ओरडणं मला चांगलं जमतं. नोंदीत मी कुणाचं नाव लिहीत नसे. माणसं परक्या देशात नोकरीला, कुणाचं दुखणं कुठे जाऊन पोचेल काय सांगावं. मजला, कोण, तक्रार, काय केलं, आणि शेवटचा रकाना 'परत कधी बघायचं'. 'चौथा मजला, उजवीकडे, मुलगी, पाच वर्षे, कान.' एवढ्यावर मला अख्खं घर आठवायचं. म्हणजे, आठवतं असा माझा समज होता.

आमची मुलगी त्या दोन तोंडांच्या मध्ये वाढली. जन्म इथला, शाळा इथली, आता हवल्लीत एका नर्सरीत लहान मुलांना शिकवते. बापाचं घेतलं. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि भांडण मात्र दोघी आपापल्या भाषेत करतो. लग्नाला सहा वर्षं झाली. दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा तिसरा महिना संपायच्या आत गेलं. दुसऱ्या वेळी ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. माझ्यावर राग नव्हता, पण आई म्हणून मी काहीतरी करायला हवं होतं आणि मला काही करता येत नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं. गेल्या हिवाळ्यात तिसऱ्यांदा राहिलं आणि चौथा महिना लागला. आम्ही दोघं नवराबायको घरात त्याबद्दल मोठ्याने बोलतसुद्धा नव्हतो.

त्याच हिवाळ्यात आम्ही कायमचं कराडला परतायची बांधाबांध करत होतो. हे निवृत्त झालेले, माझे थोडे महिने उरलेले. अब्बासिया सोडून आम्ही मागेच रिग्गईला आलो होतो, तिथल्या फ्लॅटमध्ये खोक्यांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. प्रत्येक खोक्याला नंबर आणि कुठल्या खोक्यात काय याची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. यादी कुणी केली असेल ते सांगायला नकोच.

एका गुरुवारी दुपारी मुलीचा फोन आला. "मम्मा, डोन्ट शाउट, ओके?" असं तिने सुरू केलं की मी ओरडायच्या तयारीने उभी राहते. तिच्या वर्गातलं एक पोर मंगळवारी रडत होतं, म्हणून हिने त्याला तासभर मांडीवर घेतलं होतं. बुधवारी त्याच्या अंगावर पुरळ उठलं, आणि गुरुवारी त्याच्या आईने नर्सरीला कळवलं की कांजिण्या आहेत.

मी ओरडले नाही. फोन कानाला धरूनच मंगळवारपासूनचे दिवस बोटांवर मोजले. कांजिण्या पोराला आल्या तर आठ-दहा दिवसांची कटकट. पोटुशी बाईला आल्या तर तिला न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं, आणि या महिन्यांत पोटातल्या बाळाला क्वचित कायमचा दोष राहू शकतो. क्वचित हा शब्द मी आजवर शेकडो नातेवाइकांना धीर द्यायला वापरलाय. त्या दिवशी तो माझ्या काही उपयोगाला आला नाही.

ड्युटी संपवून मी थेट तिच्या डॉक्टरांकडे पोचले, ती आधीच तिथे येऊन बसली होती. डॉक्टर म्हणजे एक इजिप्शियन बाई, शांत, माझ्याहून वयाने लहान. त्यांनी एकच प्रश्न विचारला: हिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात का? येऊन गेल्या असतील तर काळजी नको, शरीराला ओळख आहे. नसतील तर तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन मागवून लवकरात लवकर द्यायला हवं. तेव्हा इथे ती लस सर्रास देत नव्हते, म्हणून लहानपणच्या कार्डावर काही असायची शक्यता नव्हती.

मुलीने माझ्याकडे बघितलं. "आय रिमेंबर द पिंक लोशन," ती म्हणाली, "पण ते मला लावलं होतं की समोरच्या घरातल्या तिला, देव जाणे." समोरच्या घरातली म्हणजे भाभींची मुलगी, हिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एका ताटात जेवायच्या आणि एकमेकींचे फ्रॉक घालायच्या.

"आल्यात," मी म्हणाले. "सात वर्षांची होती. माझ्या हाताने लोशन लावलंय."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. रक्त तपासणीला पाठवलं, पण शुक्रवार-शनिवार सुट्टी, रिपोर्ट रविवारी. "आई स्वतः नर्स आहे आणि तिला खात्री आहे, तर आपण रविवारपर्यंत थांबू," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुम्हाला शंका आली तर मात्र मला सुट्टीतही फोन करा, मी इंजेक्शनची व्यवस्था करते." मी मान डोलवली. शंका आणि मला, असा माझा त्यावेळचा तोरा होता.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे ऐकत होते. मग चष्मा वर सरकवून म्हणाले, "पण तिला कुठे आल्या होत्या? समोरच्या पोरीला आल्या होत्या."

"काहीतरीच काय बोलताय?"

"अगं, त्या महिन्यात बिल्डिंगमध्ये साथ होती. वर्गात चौदातली चार पोरं यायची. पण आपली कायम होती वर्गात. एकही शुक्रवार चुकला नाही तिचा."

मी ह्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण बोलता बोलता माझाच आवाज खाली येत गेला, कारण मी मनातल्या मनात ती पाठ आठवायचा प्रयत्न करत होते. सात वर्षांची पाठ, त्यावर गुलाबी ठिपके, माझ्या हातात कापूस. पाठ दिसत होती. चेहरा दिसत नव्हता. त्या साथीत मी त्या बिल्डिंगमधल्या निदान अकरा पोरांच्या पाठींना लोशन लावलं होतं. वॉर्डात माणसं कमी म्हणून डबल ड्युटी, आणि घरी आले की पिशवी ठेवून वरच्या मजल्यापासून खाली एकेक दार. त्या अकरांतली एक माझी होती का? माझं पोर मला आठवत नव्हतं. तीस वर्षं नर्स, आणि स्वतःच्या एकुलत्या एक मुलीला कांजिण्या आल्या की नाही, हे सांगता येईना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

भाभींना फोन लावला. त्या आता श्रीवर्धनला असतात. "माझ्या पोरीला आल्या व्हत्या गो सिस्टर, ता पक्का," त्या म्हणाल्या. "तूच तं यायचीस बघायला. तुझ्या पोरीचा मना काय आठवत नाय." मग थोडं थांबून म्हणाल्या, "अल्ला खैर करील. तू रडतेस काय?" मी नाही म्हणाले आणि फोन ठेवून रडले.

डॉक्टरांना फोन करायला मी हात पुढे केला होता. हेच म्हणाले, "सकाळपर्यंत थांब. रजिस्टर आहे."

रजिस्टर एकोणीस नंबरच्या खोक्यात होतं, आणि एकोणीस नंबर खिडकीला लागून, तीन रांगांच्या मागे. शुक्रवारी सकाळी चहा न घेताच आम्ही खोकी हलवायला लागलो. ह्यांची कंबर, माझे गुडघे. कुकर, पातेली, देव, पुस्तकं, सगळं पुन्हा हॉलमध्ये आलं. एकोणीस नंबरात अकरा रजिस्टरं निघाली, वर्षवार, सुतळीने बांधलेली. हवं ते वर्ष ह्यांनी एका मिनिटात काढलं. त्यांच्या या स्वभावावर मी जन्मभर तोंडसुख घेतलंय, त्या मिनिटाला मात्र मी गप्प होते.

त्यांनी पान उघडलं आणि बोट आडवं फिरवत नेलं. त्या महिन्याच्या पानावर 'गै'चा नुसता पाऊस. आणि चौथ्या ओळीत, आमच्या मुलीच्या नावापुढे, तिरप्या रेघा. एक, दोन, तीन, चार, पाच. सगळे शुक्रवार हजर.

"बघ," हे म्हणाले. पण त्यांचा आवाज जिंकल्याचा नव्हता. त्यांना हरायचं होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

मी फोन शोधायला उठले, आणि उठता उठता सहज मागचं पान उलटलं. मागच्या महिन्यातही सगळ्या रेघा. त्याच्या मागे, पुढे, वर्षभर. बावन्न शुक्रवारांत आमच्या मुलीला एकही 'गै' नाही. पोरगी वर्षभरात एकदाही आजारी पडली नाही? जुलैत मी तिला घेऊन महिनाभर मिरजेला माहेरी गेले होते, तेव्हाही हजर?

"अहो," मी म्हणाले, "ही मिरजेला असताना इथे हजर कशी?"

हे पानाकडे बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. मग ज्या आवाजात पोरं गृहपाठ विसरल्याचं कबूल करतात त्या आवाजात म्हणाले, "तिची हजेरी मी घेतच नव्हतो. हजेरी बाहेरून येणाऱ्यांची. ती घरातलीच. हॉलमध्ये नाही तर आत असायची. तिची ओळ मी महिन्याच्या सुरुवातीलाच भरून टाकायचो."

डोळे विसरतात, कागद विसरत नाही! मला इतकं हसू आलं आणि इतका राग आला की दोन्ही एकदम बाहेर पडेनात. म्हणजे ह्यांची खात्री ह्यांच्याच रेघांवरून आलेली, आणि रेघा न बघता मारलेल्या. बरं, ह्यांना काय बोलू? मी रजिस्टर उलटं केलं. माझ्या बाजूने त्या महिन्याची चार पानं भरलेली. दुसरा मजला मुलगा, चौथा मजला दोन बहिणी, तिसरा मजला समोर, मुलगी सात वर्षे, पुरळ, म्हणजे भाभींची. सगळी बिल्डिंग होती. तिसरा मजला, आमचं दार, कुठेच नव्हतं. आमच्या मिरजेच्या नर्सेसची एक समजूत होती, घरच्या माणसाचा केसपेपर करू नये, घरच्याला पेशंट केलं की दुखणं घरात मुक्काम करतं. मेट्रनबाईंचं वाक्य मी जगासाठी पाळलं आणि घराच्या उंबऱ्याशी ठेवून दिलं. जे लिहिलं नाही, ते झालंच नाही.

आम्ही दोघं खोक्यांवर बसलो होतो, मांडीवर उघडं रजिस्टर. बापाने पोरीला न बघता हजर मांडलं, आईने मांडलंच नाही. चौदा पोरांच्या हजेऱ्या आणि पाच मजल्यांची दुखणी आम्ही सांभाळली, आणि आमची एक मुलगी दोन्ही बाजूंनी सुटली. मला फार शरम वाटली. फोन हातात घेऊन मी डॉक्टरांचा नंबर शोधायला लागले, की बाई, मला शंका आली आहे, शंका काय, मला काहीच आठवत नाही.

"थांब जरा," हे म्हणाले. ते रजिस्टर मिटत होते आणि ते नीट मिटत नव्हतं. मध्ये काहीतरी जाड होतं.

ह्यांची शाळा पुढून यायची, माझा दवाखाना मागून, आणि वर्ष संपलं की मध्ये दहा-पंधरा पानं कोरी राहायची. तिकडे आम्ही कधी फिरकायचो नाही. त्यांचं काम त्यांच्या टोकाला, माझं माझ्या. त्यांनी मधलं पान उघडलं. ते कोरं नव्हतं.

पट्टीने आखलेले रकाने. रेघा बापासारख्या सरळ, रकान्यांची नावं माझी. पेन्सिलीने, मोठ्या गोल अक्षरात, इयत्ता दुसरीतल्या हाताने. पहिली काही पानं बाहुल्यांची होती. बाहुली, पहिला मजला, पाय तुटला, पट्टी बांधली, हजर. ससा, कपाटाच्या वर, भूक नाही, गैरहजर. शाळा आणि दवाखाना दोन्ही एकाच पानावर चाललेले. हजेरी झाली की रजिस्टर आठवडाभर आतल्या खोलीच्या कपाटात असायचं आणि ती खोली तिची. मग एक पान असं:

'मजला: तिसरा. कोण: मी. तक्रार: फोड. फोडात पाणी आहे. खाज. पोटावर सतरा गळ्यावर तीन. जुने सुकले नवे आले. काय केलं: गुलाबी औषध पप्पांनी. हजेरी: गै. परत कधी बघायचं: आई वरून आली की.'

मी ते तीनदा वाचलं. मग ह्यांच्या हाताला इतक्या जोरात धरलं की ते "अगं" म्हणाले.

हे मात्र गणिताचे. त्यांना सिद्धता हवी. "खेळच असेल तर? वर ससा आहे. मैत्रिणीचं बघून स्वतःचं लिहिलं असेल."

"अहो, जुने सुकले नवे आले!" मी जवळजवळ ओरडले. "फोडात पाणी, आधी पोटावर, आणि जुने सुकेपर्यंत नवे. हे खेळात सुचत नाही. याच्यावर परीक्षेत माझ्या बरोबरीच्या मुली चुकल्यात. गोवर नव्हे, घामोळं नव्हे. कांजिण्याच. आणि लोशन तुम्ही लावलंय, सर, तुम्ही! आणि तुम्हालाच आठवत नाही."

त्यांनी ते पान पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "लावलं असेल. तू कसं लावायचं ते सांगून गेली असशील." मग आम्ही दोघंही हसायला लागलो, इतकं की शेजारच्यांनी भिंतीवर ठोकलं. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तसा माझा पडला. गुरुवार दुपारपासून मी पाणीसुद्धा नीट प्यायले नव्हते. मी उठून तांब्याभर पाणी प्यायले, मग चहा टाकला, मग आठवलं की चहाची भांडी अकरा नंबरच्या खोक्यात गेली होती आणि आता हॉलभर पसरलेली आहेत.

मुलीला फोनवर ते पान वाचून दाखवलं. ती ऐकून म्हणाली, "ओ माय गॉड, मी ससा गैरहजर केला होता?" एवढंच. शेवटचा रकाना मी वाचून दाखवला नाही. गळ्यावर तीन इथे थांबले आणि बाकीचं पुसट झालंय म्हणाले.

खरं सांगायचं तर सुटकेच्या मागोमाग तोच रकाना माझ्या मागे लागला. आई वरून आली की. वर म्हणजे चौथा मजला, पाचवा मजला. दुसऱ्यांची पोरं. आणि ही आतल्या खोलीत, हॉलमध्ये बाराखडी चाललेली, दारात बाप लोशन लावून परत शिकवायला गेलेला, आणि ही पट्टी घेऊन रकाने आखतेय. मी आले का नंतर? आले असेनच, घर माझं, झोपायला तरी आले असेन. पण बघायला आले का? रजिस्टरमध्ये त्याच्या पुढचं पान त्या गुलाबी औषधाचा हात लागून चिकटलं होतं. ते सोडवायला मी नख लावलं आणि काढून घेतलं. माझा धीर झाला नाही.

शनिवार सबंध आम्ही खोकी परत भरण्यात घालवला. रविवारी सकाळी वॉर्डात असतानाच डॉक्टरांचा फोन आला. अँटीबॉडी आहेत, भरपूर आहेत, लहानपणी येऊन गेल्यात, इंजेक्शनची गरज नाही. "तुम्ही बरोबर होतात, सिस्टर," त्या म्हणाल्या. मी आभार मानले. बरोबर होते खरी, पण कशाच्या जोरावर ते मी त्यांना सांगितलं नाही. औषधांच्या ट्रॉलीमागे दोन मिनिटं उभी राहिले, डोळे पुसले, आणि समोरच्या आजोबांचं ब्लडप्रेशर नेहमीपेक्षा जास्त प्रेमाने घेतलं.

संध्याकाळी आम्ही दोघं हवल्लीला गेलो. जावई अजून कामावरून यायचे होते. मुलीने दार उघडलं, आणि मी तिला धरून ठेवलं तेव्हा "मम्मा, बेबी," असं म्हणून तिने पोटावर हात आडवा धरला. चौथा महिना, अजून काही दिसतही नाही, पण हात आधी गेला. ते बघून मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणायचं.

ह्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि घरातली वस्तू परत करावी तसं तिच्या हातात दिलं. ती सोफ्यावर पाय घेऊन बसली आणि वाचायला लागली. मराठी ती हळू वाचते, ओठ हलवत. बाहुली, ससा, सगळ्यांना हसली. मग ते पान आलं. मी स्वयंपाकघरात जायला निघाले, उगाच, काहीतरी आणायला. तिने शेवटच्या रकान्यापर्यंत वाचलं हे मला तिच्या थांबण्यावरून कळलं.

"आई वरून आली की," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. लपवायचं तरी किती. "मी तेव्हा सगळ्या बिल्डिंगला बघत फिरत होते. तुला बघायला आले होते की नाही, मला आठवत नाही गं. मी खूप आठवून बघितलं. तुझा बाप तुला न बघता हजर लावायचा आणि मी तुझं नावच लिहिलं नाही. चुकलंच माझं."

तिला चिकटलेलं पान दिसलं होतं. नर्सरीतल्या बायका पोरांची चिकटलेली चित्रं सोडवतात तशी तिने नखाने कडेकडेने ते सोडवायला घेतलं, घाई न करता. थोडा गुलाबी चुरा तिच्या मांडीवर पडला. मागे तीच गोल अक्षरं होती, पण रकाने आखलेले नव्हते, अंथरुणात लिहिल्यासारख्या ओळी वरखाली गेलेल्या. तिने मोठ्याने वाचलं, एकेक शब्द लावत:

"आई आली. मी झोपायचं नाटक केलं. आईने फोड मोजले. माझे वीस होते. तिचे एकवीस झाले. तिचे बरोबर. एक पाठीवर होता."